सेमीफायनलला उतरताना

भाऊ, पहिल्यांदाच बास्केटबॉलची सेमीफायनल खेळतोयस, तर ऐक. आपलं शाळेचं मुरमाचं मैदान आणि अमरावतीचं सिमेंटचं कोर्ट, चेंडूची उसळी सारखी नसते. तासभर आधी पोहोच, फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर कुणी न अडवता मिळणारे फेके, मारत राहा. अटीतटीचे सामने तिथंच जातात. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एकात, समोरच्यांचे चार टीम फाऊल (सगळ्या खेळाडूंचे मिळून) झाले की पाचव्यापासून तुम्हाला दोन फ्री थ्रो. मग लांबून फेकत बसू नको, बेधडक आत घुस! स्वतःचे फाऊलही मोज, पाचव्याला तू बाहेर. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही घड्याळ थांबतं, म्हणून चार गुणांनी मागे असलास तरी घाबरू नको. पंचांशी हुज्जत नाहीच. उन्हाळा आहे, जाताना डोक्याला दुपट्टा बांध.