गिनीची २८ सप्टेंबर

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत २०१३ साली संसदेची निवडणूक झाली. तिच्याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

प्रश्न: लष्कराने २०१० मध्ये सत्ता सोडली. मग संसदेला २०१३ का उजाडले?

२०१० मध्ये फक्त राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. पहिल्या फेरीत सेलू डालेन डियालो ४३ टक्क्यांवर होते आणि अल्फा कोंदे जेमतेम १८ टक्क्यांवर, पण दुसऱ्या फेरीत कोंदे जिंकले. तेव्हापासूनचा अविश्वास मतदारयादीच्या भांडणात उतरला. निदर्शनांत माणसे मेली. जुलै २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने समेट झाला. तोवर संसदेच्या जागी नेमलेली परिषद होती. म्हणजे जवळपास तीन वर्षे सरकारला जाब विचारायला लोकांनी निवडलेले कुणीच नव्हते. मला हा उशीर फार गंभीर वाटतो.

प्रश्न: मतदान २८ सप्टेंबरलाच का?

आधी २४ तारीख ठरली होती, ती चार दिवस पुढे गेली. पण गिनीत ही तारीख साधी नाही. २८ सप्टेंबर १९५८ ला सार्वमतात गिनीने फ्रान्सला 'नाही' म्हटले आणि स्वातंत्र्य मिळवले. राजधानी कोनाक्रीतल्या स्टेडियमला त्याच दिवसाचे नाव आहे. २००९ च्या २८ सप्टेंबरला याच स्टेडियममध्ये लोक जमले, लष्करशहा कॅप्टन मुसा दादिस कामारा यांनी निवडणूक लढवू नये म्हणून. सैनिक आत शिरले आणि गर्दीवर गोळ्या झाडू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान १५६ जण ठार किंवा बेपत्ता झाले, किमान १०९ स्त्रिया व मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. बरोबर चार वर्षांनी लोक मतदानाच्या रांगेत उभे राहिले.

प्रश्न: मतदाराला दोन मतपत्रिका कशासाठी?

जागा ११४. त्यांतल्या ३८ आपल्यासारख्याच, एका मतदारसंघाला एक: ३३ प्रीफेक्चर (म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग) आणि कोनाक्रीचे ५ विभाग. उरलेल्या ७६ पक्षांच्या देशव्यापी यादीतून, मतांच्या प्रमाणात. म्हणून एक मतपत्रिका मतदारसंघासाठी, दुसरी यादीसाठी.

प्रश्न: निकाल?

कोंदेंच्या पक्षाला ५३, डियालोंच्या पक्षाला ३७. बहुमत ५८ चे, ते मित्रपक्षांनी भरून काढले. विरोधकांनी गैरप्रकारांचा आरोप केला, तरी पुढे सभागृहात येऊन बसले.

प्रश्न: स्टेडियममधल्या हत्याकांडाची शिक्षा कुणाला झाली का?

खटला उभा राहिला २८ सप्टेंबर २०२२ ला, तोही २०२१ मध्ये सत्ता बळकावलेल्या नव्या लष्करी राजवटीत. अत्याचार सोसलेल्या बायकांनी न्यायालयात साक्षी दिल्या. जुलै २०२४ मध्ये कामारा यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी २० वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये, तब्येतीचे कारण देऊन, त्यांना माफी मिळाली.