मुलांच्या कादंबरीत निवेदक बदलत राहिल्याने नेमके काय साधते? वाचणाऱ्या मुलांचा गोंधळ होत नाही का?

गोंधळ होतो, पण निवेदक विनाकारण बदलला तरच, असे माझे मत आहे.

कधी हा बदल केवळ सोयीसाठी असतो. 'ट्रेझर आयलंड' (१८८३) ही कादंबरी जवळजवळ पूर्णपणे तिचा नायक, जिम हा मुलगा, सांगतो. मात्र डॉक्टर लिव्हसी आणि त्यांचे सोबती जहाज सोडून बेटावरच्या लाकडी गढीत आश्रय घेतात तेव्हा जिम तेथे नसतो, म्हणून १६ ते १८ ही तीन प्रकरणे डॉक्टरांच्या तोंडी आहेत. तेथे फक्त साक्षीदार बदलतो.

आर. जे. पलासिओ यांच्या 'वंडर'मध्ये (२०१२) मात्र या बदलावरच कथा उभी आहे. जन्मतः चेहऱ्यात व्यंग असलेला दहा वर्षांचा ऑगस्ट प्रथमच शाळेत जातो आणि हॅलोविनच्या दिवशी, ऐनवेळी पोशाख बदलल्यामुळे मुखवट्याआड ओळखू न येणाऱ्या त्याला, त्याचा जिवलग मित्र जॅक त्याच्याविषयी अत्यंत क्रूर बोलताना ऐकू येतो. आपली सहानुभूती शिगेला पोहोचलेली असतानाच लेखिका त्याच्याकडून कथा काढून घेते आणि त्याच्या बहिणीच्या, व्हियाच्या, हाती देते. सारे घर ऑगस्टभोवती फिरते आणि आपल्या गोष्टी मागे राहतात, हे ती त्याच्यावर जीव असूनही सांगते.

जॅकचे निवेदन तर त्याहून नंतर येते. ऑगस्ट एकाएकी तुटक का वागू लागला, हे त्याला उमगत नाही. वाचणाऱ्या मुलाला मात्र ते ठाऊक असते. ज्याच्यावर आपण रागावलो होतो त्याचाच गोंधळ आतून अनुभवत, त्याला आपली चूक कधी कळेल याची वाट पाहण्याची वेळ त्या मुलावर येते. हा अनुभव एकाच निवेदकाकडून मिळणे फार कठीण, आणि मला या तंत्राचे सर्वांत मोठे मोल येथेच वाटते. जॅकची बाजू आधी आली असती, तर ते दृश्य इतके लागले नसते. म्हणून कोण सांगतो याइतकेच तो कधी सांगतो हेही महत्त्वाचे आहे.

आपण स्वतः लिहिणार असाल, तर आवाज वेगळे ठेवण्याकडे विशेष लक्ष द्यावे. याच कादंबरीत जस्टिन या मुलाचा भाग मूळ इंग्रजीत मोठी (कॅपिटल) अक्षरे न वापरता छापलेला आहे. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे मराठीत हा फरक शब्दांच्या निवडीतून, वाक्यांच्या लांबीतून आणि त्या मुलाच्या नजरेतून काय सुटते यातूनच आणावा लागेल.