पुस्तकांचं उंच कपाट भिंतीला असं धरा

कपाट सात फुटी, खोली जेमतेम एक फूट आणि घरात चढणारं पोर असेल, तर ‘पुस्तकांच्या वजनानेच जागेवर राहील’ या भरवशावर राहू नका. पोर खालच्या फळीवर उभं राहून वर लोंबकळलं की तोल पुढे जातो.

कपाट भिंतीला जोडणारा क्लॅम्प मागच्या पातळ प्लायला मारू नका, ती नुसत्या बारीक खिळ्यांवर टिकलेली असते. एल-क्लॅम्प (काटकोनात वळवलेली धातूची पट्टी) वरच्या जाड फळीला लावा, दोन्ही टोकांना एकेक.

खरी मेख भिंतीत आहे. विटांच्या भिंतीवर आधी गिलाव्याचा थर असतो. तेवढ्यातच बसलेली गिट्टी (भोकात बसवून स्क्रू पकडणारा प्लग) ओढताच उपटून येते. 8 मिमीचा बिट, 50 मिमीची गिट्टी आणि 60 मिमीचा स्क्रू घ्या. ड्रिल करताना राखाडी भुकटी जाऊन विटकरी पूड यायला लागली की वीट लागली समजा. भोक फुंकून साफ करा (डोळे मिटून!). नव्या इमारतींत बऱ्याचदा विटांऐवजी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) असतात. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि दुकानात त्याच ब्लॉकची गिट्टी मागा. साधी नुसती गरागरा फिरते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली मात्र भोक पाडू नका, तिथून वायरिंगचा पाइप जातो.

स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीमुळे) कपाटामागे फट राहते. क्लॅम्प आवळून कपाट मागे ओढण्यापेक्षा त्या फटीत मापाची लाकडी पट्टी भरा. शब्दकोश, दिवाळी अंकांचे गठ्ठे खालच्या फळीवर. घरमालक कुरकुरला, तर सोडून जाताना भोकं पुट्टीने बुजवून देतो म्हणावं.