‘तसलं काही नाही ना?’ असं विचारू नका

घरातलं माणूस गप्प झालं की नातेवाईक एकच धास्ती घेऊन माझ्याकडे येतात: ‘आत्महत्येचं थेट विचारलं आणि नसलेलं मीच डोक्यात घालून दिलं तर?’ तसं होत नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालंय. उलट कोंडलेल्याला वाट मिळते. पण विचारायचं कसं, यात बरंच काही आहे.

पुढची हकिगत नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडून आलेल्या अनेक घरांची मिळून आहे. बोलणारी द्राक्षबागायतदाराची बायको. त्यांना ताई म्हणू.

‘महिना झाला, झोप नाही, जेवण नाही. परवापासून मात्र जरा शांत झालेत. विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं. छाटणीची कात्री भाच्याला देऊन टाकली.’

‘कोणती कात्री?’

‘त्यांची स्वतःची. कुणाला हात लावू देत नव्हते.’

तगमगीनंतर अचानक आलेल्या शांततेने घरच्यांना हायसं वाटतं. पण सोबत कागदपत्रांची निरवानिरव असेल, जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकली असेल, तर ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी विचारायचं.

‘विचारलं की मी, तीनदा. म्हटलं, तसलं काही मनात नाही ना? नाही म्हणाले.’

या ‘नाही ना’त उत्तर आधीच भरलेलं असतं. विचारणाऱ्याला ‘नाही’च ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. आपण घरावर ओझं झालोय असं ज्याला वाटतंय, तो हे आणखी एक ओझं कशाला टाकेल? तेवढा ‘ना’ गाळला की अर्धं काम होतं, असं माझं ठाम मत आहे. ‘तसलं’ही नको. शब्द उच्चारायचा.

त्याच दुपारी ते आले. ताईंनी विचारलं, ‘अहो, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’

बराच वेळ ते टोपीची घडी घालत, उलगडत राहिले. मग म्हणाले, ‘येतात. पहाटे तीनला जाग येते तेव्हा.’

इथेच बहुतेक घरं घसरतात. ‘मुलांचा विचार करा’, ‘माझी शपथ घ्या’ सुरू होतं आणि माणूस पुन्हा मिटतो, कारण मुलांचाच विचार त्याला पोखरत असतो. ताई फक्त म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत. अजून सांगा.’ मग अवकाळी निघाला, सोसायटीचं कर्ज निघालं, आणि त्याही आधीपासून उडालेली झोप निघाली. शेवटी ते म्हणाले, ‘मरायचंच आहे असं नाही, मॅडम. पहाटेचे तीन वाजायला नकोत.’

त्या वाक्याने काम सोपं केलं. कर्ज एका बैठकीत फिटत नाही, पण पहाटे तीनची सोय लावता येते.

आधी तीन गोष्टी विचारून घेतल्या: काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधीचं मनात आहे. तिन्हींची उत्तरं ठोस आली तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. नाशिकला त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे. रात्र असेल तर थेट तातडीच्या विभागात जा, किंवा 108 लावा. ‘कुणाला सांगू नको’ हे वचन देऊ नका. पोलिस केसची भीती अजूनही खूप जणांना अडवते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं मानलंय, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 ठेवलेलंच नाही.

मग फवारणीची औषधं. ती घरातून, बागेतल्या खोलीतूनही हलवून चुलत दिराच्या कुलपात ठेवली. लागेल तेवढंच त्या दिवशी आणायचं, फवारताना दुसरं माणूस सोबत. ‘ठरवलेलं असलं तर दुसरी वाट शोधेलच’ हा समज चुकीचा आहे. टोकाची लाट चढते आणि ओसरते, मधला वेळ निभावला पाहिजे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, त्यानंतर तिथलं आत्महत्यांचं एकूण प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं.

पहाटेचा बेत कागदावर हवा होता. ‘मनातलं लिहा’ म्हटल्यावर ते गप्प बसले असते, म्हणून फवारणीची वही मागवली. तिच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतः रकाने आखले: वेळ, लक्षण, काय करायचं. जाग आली की अंथरुणात पडून राहायचं नाही. बायकोला उठवायचं. तिने समजूत घालायची नाही, नुसतं सोबत बसायचं. तरी छातीत दाटलं तर मेहुण्याला फोन, नाहीतर 14416. हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. नातेवाईकही लावू शकतात. पहिला फोन ताईंनीच केला. त्या वहीचा मला मनापासून अभिमान आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. ‘फरकच नाही’ म्हणून लोक दहाव्या दिवशी सोडतात, किंवा बरं वाटताच परस्पर बंद करतात. दोन्हीकडे घात होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत लक्ष जास्त हवं. पाकीट ताईंकडे, एका वेळी आठवड्यापुरतंच.

दिराकडची किल्ली आता परत आणू का, असं ताईंनी मध्यंतरी विचारलं. इतक्यात नको. गोडी छाटणी तोंडावर आहे, फवारण्या वाढतील. ती दिराकडेच राहू दे.