महाराष्ट्रात सरकारी भूकरमापकाचा पगार जिल्ह्यानुसार बदलतो का?

मूळ पगार सहसा राज्यभर एकच, फरक पडतो तो मुख्यतः भत्त्यांमुळे. भूमी अभिलेख विभागाच्या भरतीच्या जाहिरातीत भूकरमापक तथा लिपिक पदासाठी एस-6 ही वेतनश्रेणी दिलेली असते, म्हणजे सुरुवातीचा मूळ पगार 19,900 आणि कमाल 63,200 रुपये. त्यावर महागाई भत्ता, तोही सगळीकडे सारखाच. खरा फरक घरभाडे भत्त्याचा, तो शहराच्या वर्गावर ठरतो. मुंबई-पुणे वरच्या वर्गात, नागपूर-नाशिक-कोल्हापूर मधल्या, तालुक्याची गावं खालच्या. सातव्या वेतन आयोगात हा भत्ता मूळ पगाराच्या 24, 16, 8 टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्त्याबरोबर 30, 20, 10 पर्यंत जायची सोय आहे. मुंबईत 30 आणि तालुक्याला 10 टक्के धरले तर नव्या माणसाला मुंबईत 5,970 आणि तालुक्याला 1,990 रुपये. मुंबईतलं भाडं पाहिलं तर तालुक्याचाच माणूस फायद्यात! आणखी एक उदाहरण गडचिरोलीचं: आदिवासी, नक्षलग्रस्त भागात प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर योजनेत वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते.

हे फक्त सरकारी नोकरीचं झालं. खाजगी सर्व्हेअरला अशी श्रेणी नसते. तिथे स्वतःचं टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस (मोजणीची यंत्रं) आहे का, आणि आसपास रस्ता, मेट्रो, लेआउटची कामं किती चालू आहेत, यावर कमाई ठरते. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोघांच्या कमाईतही दुपटीचा फरक असू शकतो.