डाळिंबाच्या शेततळ्यात मासे सोडले तर परवडतात का?

परवडतात, पण तुम्ही बहार (फळांसाठी धरलेला फुलोऱ्याचा हंगाम) कोणता धरता यावर सगळं आहे. प्रश्नात लिहिलंय की तळं सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचं, 30 × 30 × 3 मीटरचं, प्लॅस्टिक अस्तराचं आणि पाणी ठिबकला जातं. आंबे बहार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत ताण तोडल्यावर, म्हणजे झाडांचं बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केल्यावर, उपसा सुरू होतो, म्हणजे ऑगस्टपासून सहा-सात महिने माशांना भरपूर पाणी मिळतं. हस्त बहारात पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच उतरतं. ते विहिरीवरून भरून काढता येत नसेल तर मी मासे सोडायला सांगणार नाही.

मत्स्यबीज विकणारा भरलेलं तळं बघून हजारभर बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सुचवेल. तुम्ही हिशोब शेवटी तळाशी उरणाऱ्या पाण्यावर करा. 1:1 उताराच्या या तळ्यात पूर्ण भरल्यावर सुमारे 22 लाख लिटर पाणी असतं, पण एक मीटर खोली उरली की फक्त सव्वासहा लाख. तेवढ्यात अर्ध्या-पाऊण किलोचे मासे जगवायचे तर 400 नग पुरे: 160 कटला, 160 रोहू, 80 मृगळ. मृगळ तळाशी चरतो आणि अस्तराच्या तळ्यात फारसा गाळ नसतो, म्हणून तो कमी. बारीक बीज घेऊ नका. 50 ग्रॅमच्या पुढची वाढवलेली बोटुकली महाग पडली तरी मर कमी होते आणि महिने वाचतात. थाई मांगूर जातीचा मासा कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

बीज आलेल्या पिशव्या सकाळी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी आत घेऊन मासे आपणहून बाहेर जाऊ द्या.

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे. सरासरी 200 ग्रॅमचे 400 मासे म्हणजे 80 किलो. त्याच्या दोन टक्के, रोज 1.6 किलो. भोकं पाडलेल्या पोत्यात भरून पाण्यात टांगा. दोन तासांनी उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. थंडीत मासा कमी खातो, तेव्हा हात आखडता घ्या.

शेण टाकून पाणी हिरवं करा असा सल्ला मिळेल. मातीच्या तळ्याला तो ठीक आहे, पण इथे तेच शेवाळ ठिबकच्या फिल्टरमध्ये बसतं. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) तळापासून फूटभर वर ठेवा आणि फिल्टर वरचेवर धुवा. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) मात्र टाकू नका: मोरचुदाने मासे मरतात आणि कुजणारं शेवाळ उरलेला प्राणवायू खातं.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, विशेषतः ढगाळ दिवसांनंतर, तर ती प्राणवायूची कमतरता. खाद्य बंद करा आणि पंपाचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच सोडा. फवारणीचा पंप बांधावर धुण्याची सवय असेल तर आजच मोडा. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाचा थोडा अंशही माशांना घातक असतो.

विक्री पाणी दीड मीटरवर आल्यापासून टप्प्याटप्प्यानं करा. मर धरून हाती दीड-दोनशे किलो लागतील. एवढ्यासाठी व्यापाऱ्याची गाडी यायची नाही, आली तर भाव पाडेल. आठवडी बाजाराच्या दिवशी वीस-पंचवीस किलो काढून बांधावरच विकलेलं बरं. ओढजाळ्याच्या बांबूंची टोकं कापडानं गुंडाळा, नाहीतर अस्तर फाटतं. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम हवीच; या निसरड्या प्लॅस्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

शेवटचं फूटभर घाण पाणी ठिबकला जोडू नका, मोकळं सोडून झाडांच्या आळ्यांत द्या.