कार्ड खिशात, नाव यादीत नाही

निवडणूक शाखेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पत्रांतले प्रश्न तेच आहेत. काही निवडक घेतो.

प्रश्न : नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? (सोलापूर)

विधानसभा-लोकसभेला नाही. नोटाच्या खालोखाल ज्याची मतं, तो निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश काढला. विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे, स्थानिक निवडणुका राज्य आयोगाकडे. आयोग दोन आहेत, त्यांचे नियमही वेगळे.

प्रश्न : डिपॉझिट कधी जप्त होतं? (जळगाव)

वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की. रक्कम विधानसभेला १०,०००, लोकसभेला २५,०००. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी.

प्रश्न : आईकडे मतदान कार्ड आहे, पण यादीत नाव सापडत नाही. 'कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, अशी मतं १४ टक्क्यांच्या वर गेली की फेरमतदान होतं,' असा मेसेज आलाय. तसं करू का? (नाशिक)

नका करू. मेसेज साफ खोटा आहे, आणि दर निवडणुकीत नवा असल्यासारखा फिरतो. नियम ४९ अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, हे पाठवणाऱ्याने एकदा उघडून तरी बघावं! चॅलेंज मतदार करत नाही. बूथवरचा पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा प्रतिनिधी, 'हा तो माणूस नव्हे' म्हणून दोन रुपये भरून करतो. तुमचं नाव यादीत आहे, पण तुमच्या आधी कुणी तुमच्या नावावर मत टाकून गेलं, तर मिळतं ते टेंडर मत. ते यंत्रावर नाही, छापील मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या पाकिटात बंद करतात. एरवी ते मोजणीत येत नाही. १४ टक्क्यांचा आकडा कुठल्याच नियमात नाही. आणि यादीत नावच नसेल तर यातलं काहीही मिळत नाही.

एका मतदानाच्या दिवशी दुपारी एक आजी एसटीने आल्या. रुमालात गुंडाळलेलं कार्ड, वर प्लॅस्टिक, कोपरे घासलेले. यादीत नाव होतं, पण त्यावर वगळल्याची खूण. मुलाकडे राहायला गेल्या होत्या, कुणीतरी 'स्थलांतरित' कळवलं होतं. 'अहो, कार्ड आहे ना माझ्याकडं,' एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. केंद्राध्यक्षाच्या हातात काही नव्हतं. कार्ड ही ओळख आहे, हक्क यादीतल्या नावाने येतो. कार्ड हरवलं तर आधार, पासपोर्ट चालतो. नाव उडालं तर काहीच चालत नाही.

म्हणून आजच बघा, प्रचाराची गाडी दारात आल्यावर नको. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा किंवा १९५० ला फोन करा. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता किंवा तपशील बदलायचा तर नमुना ८. दोन्ही फुकट! नेट कॅफेवाला 'अर्जंट नाव चढवून देतो' म्हणून पैसे मागेल, त्याच्या हातात फक्त तोच अर्ज भरणं आहे. रंगीत कार्ड छापून घेतल्याने नाव यादीत येत नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही. प्रत्यक्षात दहाएक दिवस आधीच दार बंद होतं. स्थानिक निवडणुकीला त्याहून आधी: २०२५ च्या निवडणुकांना १ जुलैची विधानसभेची यादी धरली. ऑगस्टमध्ये नाव घालून डिसेंबरात भांडायला आलेल्यांना काय सांगणार?

नोटीस न देता नाव उडवलं असेल तर बीएलओला (तुमच्या बूथची यादी सांभाळणारा कर्मचारी) भेटा, तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज नाकारला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे. मुदत निघून चालली असेल तर वकील गाठा.

प्रश्न : गावी नाव आहे, पुण्यातही आहे. दोन्ही राहू द्यावं का? (पुणे)

नाही. दुबार नाव बेकायदा आहे, खोटं प्रतिज्ञापन दिलं असेल तर वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. 'ग्रामपंचायतीला गावाकडे, महापालिकेला इकडे' हा हिशेब मलाही ऐकवला जातो. जिथे खरंच राहता तिथलं ठेवा, दुसरं काढून टाका.

प्रश्न : सरपंचपदाला उभं राहायचंय. तिसरं मूल २००६ चं, पण भावाला दत्तक दिलंय. चालेल? (बीड)

गावातला कुणी 'चालतं' म्हणाला असेल, त्याचं ऐकू नका. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल अपात्र ठरवतं. दत्तक दिल्याने सुटका होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ साली सांगितलं आहे. फॉर्म भरण्याआधी वकिलाला जन्मदाखले दाखवा.

प्रश्न : दुबईत नोकरीला आहे, भारतीय पासपोर्ट आहे. पोस्टाने मत देता येईल? (दुबई)

नाही. नमुना ६ अ भरून नाव घालता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यावं लागतं. तिकीट काढण्याआधी यादी बघा.